नेटवर्कमधे सायकियाट्रिस्टच नाही, मग क्लेमचं काय?

सांगलीच्या एका ताईंनी विचारलंय. त्यांच्या 24 वर्षांच्या भावाला बायपोलरचा (मूड टोकाचा वर-खाली होण्याचा मानसिक आजार) मोठा अटॅक आला. मेडिक्लेम वडिलांच्या नावावर, 5 लाखांचा फॅमिली फ्लोटर (म्हणजे सगळ्या घराला मिळून एकच रक्कम), भाऊ पहिल्यापासून त्यात आहे आणि सलग सहा वर्षं हप्ता भरलाय. नेटवर्कच्या, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेल्या, यादीतली तीन हॉस्पिटलं फिरले. एकात सायकियाट्रीचा वॉर्डच नाही, दुसऱ्यात डॉक्टर आठवड्यातून एकदाच येतात आणि तिसऱ्याने सांगितलं की असे पेशंट आम्ही घेत नाही. शेवटी नेटवर्कबाहेरच्या सायकियाट्रिक नर्सिंग होममधे 16 दिवस ठेवलं, बिल झालं 1,86,400. टीपीएने (कंपनीच्या वतीने क्लेम बघणारी संस्था) कॅशलेस, म्हणजे हॉस्पिटलला परस्पर पैसे देणं, नाकारलं, नंतर बिलं पाठवल्यावर 'मानसिक आजाराची मर्यादा' म्हणून 25,000 टेकवले, आणि आता म्हणतात कॉलेजात असताना काउन्सेलिंग घेतलं होतं ते लपवलंत.

ताई, मिरजेसारखं दवाखान्यांचं गाव शेजारी असून तुमच्यावर ही वेळ यावी याचं वाईट वाटलं, पण केस तुमची चांगली आहे.

पहिलं म्हणजे नेटवर्क हा शब्द डोक्यातून काढा. नेटवर्क असतं ते कॅशलेससाठी, कव्हर असतं ते पॉलिसीत. यादीबाहेरच्या हॉस्पिटलात गेलात म्हणून फार तर आधी खिशातून भरावं लागतं, हक्क जात नाही. अपवाद एवढाच की ते हॉस्पिटल कंपनीच्या काळ्या यादीत नको आणि पॉलिसीतल्या 'हॉस्पिटल'च्या व्याख्येत बसायला हवं. ही व्याख्या लहान नर्सिंग होमच्या बाबतीत फार नडते, म्हणून त्यांच्याकडून नर्सिंग होमच्या रजिस्ट्रेशनची आणि राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाच्या नोंदणीची झेरॉक्स आजच मागून घ्या, आणि किती बेड आहेत ते लेटरहेडवर लिहून घ्या. ज्या तीन ठिकाणी नकार मिळाला तिथली तारीख, कोणाशी बोललात, व्हॉट्सॲप काही असेल तर ते, सगळं एका कागदावर उतरवून काढा. नेटवर्कमधे अमुक इतके सायकियाट्रिस्ट असलेच पाहिजेत अशा नियमावर आपली केस उभी नाही, पण सोय नव्हती म्हणून बाहेर गेलो हे त्यातून दिसतं.

आता 25,000चा मुद्दा, खरी लढाई इथे आहे. मानसिक आरोग्य कायदा 2017, कलम 21(4), 29 मे 2018 पासून लागू. त्यात म्हटलंय की शारीरिक आजाराला ज्या पायावर विमा देता त्याच पायावर मानसिक आजाराला द्यायचा. एप्रिल 2021 मधे दिल्ली हायकोर्टाने एका स्किझोअफेक्टिव्ह (एक गंभीर मानसिक आजार) पेशंटचा क्लेम नाकारणाऱ्या कंपनीला पैसे द्यायला लावले आणि कायदा लागू झाल्या तारखेपासून कंपन्या बांधील आहेत असं सांगितलं. त्याच सुमारास तिथेच आलेल्या दुसऱ्या प्रकरणात 35 लाखांची पॉलिसी आणि मानसिक आजाराला मात्र 50 हजार, यावर कोर्टाने प्राथमिक नाराजी दाखवली. दिल्लीचा निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, वजन मात्र आहे, आणि मर्यादेचा वाद सगळीकडे कायमचा मिटलाय असंही मी म्हणणार नाही. शिवाय विमा नियामकाने 2022 च्या ऑक्टोबरमधे सगळ्या कंपन्यांना हे कव्हर द्यायला बजावलंच आहे.

म्हणून पत्रात रडगाणं लिहू नका, भाऊ किती हुशार होता वगैरे नको (मला कळतं, पण फाइल वाचणाऱ्याला त्याचं काही नसतं). एकच प्रश्न विचारा: याच पॉलिसीत 16 दिवस डेंग्यूने ॲडमिट असता तर 25,000 वरच थांबला असतात का? नसाल, तर कलम 21(4) प्रमाणे फरक द्या. पैसे पॉलिसीतल्या कोणत्या कलमाखाली कापले हेही लेखी मागा.

काउन्सेलिंग लपवल्याच्या आरोपाला घाबरू नका. सलग 60 महिने पूर्ण झाले की माहिती दिली नाही म्हणून क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध केली तरच, आणि तुमची तर सहा वर्षं झालीत. परीक्षेच्या टेन्शनमुळे काउन्सेलरकडे दोनदा गेला म्हणजे बायपोलर होता असं होत नाही हेही लिहा. कागद मागितले तर डिस्चार्ज समरी आणि इनडोअर पेपर (ॲडमिट असतानाच्या रोजच्या नोंदी) द्या, सेशनमधलं बोलणं देऊ नका, गोपनीयता हा भावाचा कायदेशीर हक्क आहे. हॉस्पिटल पेपर द्यायला का कू करत असेल तर त्याच मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 25 दाखवा.

डिस्चार्जनंतरच्या औषधांचं आणि डॉक्टरच्या फीचं काय, असंही विचारलंत. नुसती ओपीडी बहुतेक पॉलिसीत बसत नाही, पण डिस्चार्जनंतरचे 60 किंवा 90 दिवस असं कलम असतं त्यात याच आजाराची औषधं, तपासण्या, फी बसते, तुम्ही ती बिलं पाठवलीच नाहीत बहुतेक. पाठवा. थेरपिस्टच्या फीवर ते खळखळ करतील, तेव्हा विचारा की हाड मोडल्यावर फिजिओचे देता ना.

क्रम असा ठेवा: कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल, सही वडिलांची, कारण पॉलिसी त्यांची. महिन्यात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे, कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आत. फी नाही आणि वकीलही चालत नाही, म्हणजे माझ्यासारख्या वकिलाचं नुकसान, पण सांगतोय खरं. तिथला निकाल नाही पटला तर सांगलीतच जिल्हा ग्राहक आयोग आहे, मुदत दोन वर्षं. दोन्हीकडे एकाच वेळी जाऊ नका.

तोवर भावाची औषधं पैशापायी थांबवू नका. परवडत नसेल तर सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार ओपीडीला दाखवा, आणि रात्री-अपरात्री काही झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आहे, फुकट.