आयर्लंडमधलं ग्रामीण पॅरिश कसं असतं? तिथला भूगोल, इतिहास सांगाल का?
पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वाड्या-वस्त्या. क्लेअर काउंटीतलं कॅरन घ्या. बरेनच्या चुनखडी पठारावर नुसता करडा कातळ, भेगाभेगांत रानफुलं. मला सगळ्यात नवल वाटतं ते तिथल्या तळ्याचं! हिवाळ्यात जमिनीतून पाणी वर येतं आणि कुरण बुडतं. उन्हाळ्यात तेच पाणी कातळातल्या भोकांतून खाली उतरतं आणि तळाशी गुरं चरू लागतात. थंडीत मात्र गुरं वर पठारावर नेतात, कारण कातळ ऊब धरतो आणि पायाखाली कोरडं राहतं.

कड्याच्या टोकाला कॅहरकोमॉन हा तिहेरी दगडी तटांचा जुना कोट आहे. गेलिक म्हणजे आयर्लंडच्या पारंपरिक खेळांची संघटना १८८४ मध्ये उभी करणारे मायकेल क्युसॅक इथलेच, जन्म १८४७, बटाट्याचं पीक बुडून पडलेल्या ऐन दुष्काळातला.