लूमच्या बोर्डावरचा तीन पायांचा 'जे३वाय' म्हणजे काय?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल लूमच्या बोर्डावर रिले (कॉइलने ओढला जाणारा स्विच) ओढत नाही आणि शेजारचा, वर 'जे३वाय' (J3Y) कोड छापलेला पार्ट गरम होतो, असं तुम्ही लिहिलंय. तो बहुधा एस८०५० आहे: एनपीएन ट्रान्झिस्टर (इथे रिलेची कॉइल चालू-बंद करणारा), कमाल २५ व्होल्ट, ५०० मिलिअँप. पण नुसत्या कोडवर जाऊ नका, एकच कोड वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळ्या पार्टला देतात. बोर्ड बंद करा, पार्ट काढा, मीटर डायोड रेंजवर ठेवा. ट्रान्झिस्टरचे तीन पाय म्हणजे बेस, कलेक्टर, एमिटर; एका बाजूचा एकटा पाय कलेक्टर. छापलेला कोड वर आणि दोन पायांची बाजू आपल्याकडे असा धरला की डावा बेस, उजवा एमिटर. लाल प्रोब बेसवर ठेवून काळा प्रोब उरलेल्या दोन्हींवर लावला की ०.६ ते ०.७ व्होल्ट दिसायला हवं. कलेक्टर-एमिटर शॉर्ट असेल तर तो गेलाच.

लगेच नवा लावू नका. रिलेच्या कॉइलला समांतर असलेला 'एम७' डायोड (१एन४००७चाच चपटा भाऊ) आधी तपासा. तो ओपन (आतून तुटलेला) असेल तर रिले सुटताना कॉइलचा उलटा झटका बसतो आणि नवाही उडतो. कॉइल २४ व्होल्टची असेल तर २५चा ट्रान्झिस्टर काठावरच चालतो. त्यापेक्षा ४५ व्होल्टचा बीसी८१७-४० घ्या, पाय तेच. बेसच्या रेझिस्टरवर १०२ छापलेलं असो किंवा १००१, दोन्ही १ किलोओहमच.