एक्स-रे क्लिअर होता, मग तिसऱ्या रात्री दम का लागला?

प्रश्न : डॉक्टर, माझे दीर सक्करदऱ्याला राहतात, वय 48. सिलिंडरची नळी लीक होऊन स्वयंपाकघरात भडका झाला, दार-खिडक्या बंद, 35 टक्के भाजले. पहिले दोन दिवस बोलत होते, माझ्या हातानं वरणाचं पाणीही प्यायले, फक्त आवाज घोगरा झाला होता, आम्हाला वाटलं ओरडून ओरडून घसा बसला असेल. एक्स-रे क्लिअर, बोटाचं मशीन 98 दाखवत होतं. तिसऱ्या रात्री एकदम दम लागला नि व्हेंटिलेटरवर टाकलं. आता वॉर्डात आणलंय. पण हे आधी समजलं नसतं का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : ताई, आधी हे सांगतो की तुमचं काही चुकलं नाही. खात्रीनं सांगता येत नाही पण अंदाज नक्की बांधता येतो, आणि त्यातली सगळ्यात मोठी खूण तुम्ही स्वतःच लिहिली आहे, तो घोगरा आवाज. बंद खोलीत भडका, आवाज बसणं, नाकातले केस जळणं, थुंकीत काजळी, यातलं काही दिसलं की धूर आत गेलाय असं धरूनच चालायचं, मग लागलं तर नळी घालून श्वासनलिका आतून बघतात.

एक्स-रे पहिल्या दिवशी बहुतेकदा स्वच्छच येतो, कारण सूज नंतर चढते. बोटाचं मशीनही फसवतं, धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात असला तर त्याला तो ऑक्सिजनच वाटतो! शिवाय धूर गेलाच नाही तरी मोठ्या भाजण्यात सगळ्या अंगात सूज येते, बारीक रक्तवाहिन्या गळायला लागतात आणि ते पाणी फुफ्फुसात उतरतं. सलाइन कमी पडलं तर किडनी जाते, जास्त झालं तर फुफ्फुस भरतं, म्हणून सिस्टर दर तासाला लघवी मोजत असते.

डॉक्टर मनात एक हिशोब करतात, वय अधिक भाजलेले टक्के, धूर गेला असेल तर आणखी 17. तुमच्या दिरांचे 48 नि 35 नि 17, म्हणजे 100. हा आकडा मुळात जिवाला धोका किती ते सांगतो, पण एवढा आला की फुफ्फुसावरही डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावं लागतं.

खरी गोष्ट कळते ती हातातल्या धमनीच्या रक्तावरून. रिपोर्टमध्ये ऑक्सिजनचा दाब 90 दिसला (हे बोटाच्या मशीनसारखे टक्के नव्हेत) की घरचे खूश होतात, पण तो 60 टक्के ऑक्सिजन देऊन आलेला असेल तर 90 भागिले 0.6, म्हणजे 150, निरोगी माणसात हाच भागाकार चारशेच्या वर असतो. तो 300 च्या खाली, एक्स-रेत दोन्ही फुफ्फुसांवर पांढरे डाग, आणि हे सगळं आठवड्याच्या आत, म्हणजे एआरडीएस, फुफ्फुसं सुजून-पाणी भरून रक्तात ऑक्सिजन पोचेनासा होतो ती अवस्था. म्हणून एकच रिपोर्ट बघून काही ठरवू नका, सकाळचा नि संध्याकाळचा शेजारी ठेवून आकडा घसरतोय का ते विचारा.

आणि कुणालाही भाजल्यावर नागपुरातल्या मेडिकलला न्या की मेयोला, दोन्ही सरकारी दवाखानेच, कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य हे बोला, "खोली बंद होती, आवाज बदललाय." जखम सगळ्यांना दिसते हो, बंद दार डॉक्टरला दिसत नाही. दिरांना घरी नेल्यावर जिना चढताना धाप लागली किंवा खोकला राहिला तर फुफ्फुसाची ताकद मोजणारी फुंकायची टेस्ट करून घ्या, आणि त्यांच्याजवळ अगरबत्ती-कॉइल लावू नका.