आखूड एअर रायफल : घेण्याआधी काय बघाल?

प्रश्न : नळी मोडून (म्हणजे सांध्यात खाली वाकवून) भरायची ४.५ मिमीची आखूड एअर रायफल जुनी मिळतेय. काय तपासू? – एक वाचक, ठाणे

उत्तर : बोअर (नळीचा आतला व्यास) ४.५ मिमीपर्यंत आणि ऊर्जा २० ज्यूलच्या आत असेल, तर आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे परवाना लागत नाही. तरी बिल मागाच.

नळी बंद करून आडवी हलवा. खुळखुळली तर सरळ परत द्या. नंतर रेंजवर, सांध्यावर टिश्यूची पट्टी ठेवून छर्रा झाडा. पट्टी उडाली म्हणजे ओ-रिंग (सांध्यातून हवा गळू न देणारी रबरी कडी) गेली. हा खर्च किरकोळ. विकणारा रिकामीच झाडून दाखवत असेल तर मात्र सावध! छर्रा नसला की पुढे हवेची गादी तयार होत नाही, स्प्रिंगने ढकललेला पिस्टन थेट आपटतो. सील फाटतं, स्प्रिंग तुटते.

१० मीटरवरून पाच छर्रे मारा, किती जवळजवळ लागतात ते बघा. पकड सैल हवी. घट्ट आवळलीत तर चांगल्या रायफलचेही छर्रे फाकतात. आखूड नळीला लीव्हर (तरफेचा जोर) कमी, म्हणून ती मोडायला जड जाते.

पावसाळ्यात गंज धरतो. बाहेरून तेलाचा हलका हात फिरवा, सिलिंडरमध्ये थेंबही नको. दाबाने तेल पेटतं. आणि सोसायटीच्या गच्चीवर नेम? अजिबात नाही.