वॉरंटी संपली, पण बिघाड वॉरंटीतलाच

प्रश्न : मी कराडला राहतो. पुण्यातल्या एका दुकानातून ५८ हजारांचा होम थिएटर रिसीव्हर घेतला. अकराव्या महिन्यात तो चालू करताच दोन-तीन सेकंदांत बंद पडू लागला. सर्व्हिस सेंटरने ‘दोष आढळला नाही’ म्हणून परत दिला. आता वॉरंटी संपली, बिघाड तोच आहे आणि ‘व्होल्टेजमुळे बोर्ड गेला’ असं तोंडी सांगून १८ हजार मागतात. बिलावर ‘वाद पुणे न्यायकक्षेत’ असं छापलंय. काय करू?

उत्तर : पहिल्या खेपेची जॉबशीट (सेट दुरुस्तीला घेताना सर्व्हिस सेंटर देतं तो कागद) तुमच्याकडे आहे ना? मग ती जिवापाड जपा. त्या कागदावर वॉरंटीतली तारीख आहे आणि तीच तक्रार आहे. बिघाड वॉरंटीत सुरू झाला, कंपनीला कळवला आणि तो दूर झाला नाही, हा तुमचा मुख्य मुद्दा. वॉरंटीची तारीख उलटली म्हणून तो मरत नाही.

मात्र नोटीस देण्याआधी एक खात्री करा, कारण कंपनीचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवेल. चालू होताच बंद पडणं हे बहुतेक वेळा आतल्या संरक्षक सर्किटचं काम असतं. स्पीकरच्या वायरीचे सुटे तंतू एकमेकांना टेकले किंवा एकाच जोडणीवर ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर लावले (म्हणजे विजेला होणारा रोध ४ ओहमवर येतो आणि सेटवरचा ताण वाढतो), तरी सेट स्वतःला वाचवायला बंद होतो. तो दोष कंपनीचा नव्हे. म्हणून प्लग काढून स्पीकरच्या सगळ्या वायरी सोडवा, मग सेट एकदाच चालू करा. तसाही बंद पडला तर बिघाड आतच आहे. याचा सलग व्हिडिओ घ्या, सीरियल नंबर त्यात दिसू द्या. सेट पुन:पुन्हा चालू करून पाहू नका आणि बाहेरच्या मेकॅनिकला तर उघडूच देऊ नका. सील तुटलं की वाद तिथेच फिरतो.

व्होल्टेजचं कारण त्यांच्याकडून ईमेलवर लेखी मागा : कोणता भाग गेला, तपासणी काय केली? त्याच लाइनवर तुमचा टीव्ही, फ्रिज व्यवस्थित चालत असेल तर तेही त्यात लिहा. मग दुकानदार, सर्व्हिस सेंटर आणि कंपनी, तिघांनाही स्पीड पोस्टाने नोटीस द्या. पंधरा दिवसांची मुदत पुरे.

पुण्याचे हेलपाटे घालायची गरज नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे, म्हणजे तुमच्या बाबतीत साताऱ्याला, तक्रार करता येते. बिलावरच्या छापील ओळीने हा हक्क जात नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. दोष नुसता पाहून ठरत नसेल तर कलम ३८ खाली आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. म्हणूनच सेट आहे त्या स्थितीत राहिला पाहिजे. दुरुस्ती, बदली किंवा व्याजासह किंमत परत, शिवाय भरपाई, हे सगळं मागा. मुदत दोन वर्षांची आहे आणि ती पहिल्या तक्रारीच्या तारखेपासून धरून चाला. आयोगाकडे जाण्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पाहा. कंपन्या कधीकधी तिथेच नमतात.

ते १८ हजार तूर्त भरू नका. नाइलाजाने भरावेच लागले तर ‘हक्क राखून भरले’ असं पावतीवर लिहून घ्या आणि काढलेला जुना बोर्ड त्यांच्याकडे राहू न देता घरी आणा.