चावी फिरवली की नुसतं टकटक

प्रश्न : पावसात आठ दिवस गाडी दारात उभी होती. आता चावी फिरवली की नुसतं टकटक होतं. – एक वाचक, खानापूर

उत्तर : दादा, हेडलाइट लावून चावी फिरवा. उजेड मंदावला तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल (बॅटरीला तार जोडतात ती जागा) खराब; उजेड तसाच राहिला तर स्टार्टरचा बिघाड असू शकतो. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी दिसली तर आधी निगेटिव्ह (−) तार सोडवा, खायच्या सोड्याच्या गरम पाण्याने पुसा, कोरडं करून आवळा. खानापूरच्या पावसात हे दरवर्षी माझ्यापुढे येतं. भरलेली बॅटरी मीटरवर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. अडलंच तर सपाट रस्त्यावर ढकला : चावी ऑन, क्लच दाबून दुसरा गिअर, वेग आला की क्लच सोडा. चोर्ला घाटाच्या उतारावर मात्र नको! इंजिन बंद असताना ब्रेक जड होतो, माझा जीव धास्तावतो.