स्पेनमध्ये तंबूत राहून एका दिवसात त्रुहियो, कासेरेस आणि मेरिदा बघून होईल का?

तुम्ही लिहिलंय की मे महिन्यात पश्चिम स्पेनमधल्या एक्स्त्रेमादुरात तंबू घेऊन चाललाय, गाडी आहे आणि जुन्या गावांसाठी एकच दिवस हाताशी आहे. माझं ऐका, मेरिदा सोडा. आम्ही पहिल्या खेपेला तिन्ही धरली होती. मेरिदाचं रोमन नाट्यगृह दोन हजार वर्षांचं आहे, त्याला अख्खी सकाळ द्यायला हवी. आम्ही तासाभरात बाहेर पडलो आणि त्याची हळहळ मला अजून वाटते. दुसऱ्या खेपेला सकाळी त्रुहियो आणि संध्याकाळी कासेरेस, एवढंच ठेवलं. दोन्हींत जेमतेम पंचेचाळीस किलोमीटर अंतर आहे.

आमचा तंबू मोंफ्राग्वे राष्ट्रीय उद्यानाच्या उत्तरेला होता. तिथून त्रुहियोचा रस्ता उद्यानातूनच जातो. वाटेत ताहो नदीकाठी एक मोठा कडा लागतो, त्यावर गिधाडांची वसाहत आहे. तिथे दहा मिनिटं थांबाच. पुढे ओकच्या झाडांची विरळ कुरणं लागतात. ओकची फळं खाऊन इथली काळी डुकरं पोसली जातात.

त्रुहियोत नऊच्या आत पोचा. चौकात पिसारोचा घोड्यावरचा पुतळा आहे. पेरूचं इंका साम्राज्य बुडवणारा पिसारो याच गावचा. पण पुतळ्यापेक्षा चौकाच्या कोपऱ्यातला वाडा नीट बघा. कोपऱ्यावरच्या सज्जाच्या दोन्ही बाजूंना अर्धपुतळे कोरलेत : एकीकडे पिसारो आणि इंका राजकन्या इनेस, दुसरीकडे त्यांची मुलगी फ्रान्सिस्का आणि तिचा नवरा एर्नांदो. हा एर्नांदो म्हणजे पिसारोचाच सावत्र भाऊ, मुलीचा काका. वर भल्यामोठ्या ढालीवर साखळदंडात जखडलेले इंका सरदार आहेत. ज्या मुलीच्या आईचे हे लोक, तिच्याच घरावर ही खूण! मी त्या कोपऱ्यावर बराच वेळ उभी होते. 1532 साली पिसारोने इंका सम्राट आताउआल्पाला कैद केल्याचं पुस्तकात वाचलं होतं, पण इथे ते अंगावर आलं.

मग ऊन चढायच्या आत किल्ला. वर जाताना छपराछपरावर करकोच्यांची घरटी दिसतील. हे पक्षी गात नाहीत, मान मागे टाकून चोच खडखडवतात. लाकडी टिपऱ्या वाजाव्यात तसा आवाज अख्ख्या चौकात घुमतो.

दोन ते पाच सगळं बंद असतं, तेव्हा गावात उन्हात भटकू नका. दोनलाच जेवायला बसा आणि मिगास मागवा. शिळ्या पावाचा चुरा, लसूण आणि पिमेंतोन घातलेलं हे मेंढपाळांचं खाणं. पिमेंतोन म्हणजे जवळच्या ला वेरा खोऱ्यातली, ओकच्या धुरावर वाळवलेली लाल मिरचीपूड. अमेरिकेतून मिरची स्पॅनिश लोकांनी इथे आणली आणि पोर्तुगिजांबरोबर ती आपल्या गोव्यात पोचली. त्या पुडीचा एक डबा घ्याच. तंबूसमोर गॅसवर परतलेल्या बटाट्यांना जी चव येते, ती आपल्या तिखटाने येत नाही.

पाचनंतर कासेरेस. तटाच्या आतलं गाव 1986 पासून जागतिक वारसा यादीत आहे. मनोरे बघताना लक्षात येईल, बरेचसे वरून छाटलेले आहेत. पंधराव्या शतकात गादीच्या वारसाच्या लढाईत विरोधात गेलेल्या सरदारांचे मनोरे इसाबेला राणीने उतरवले. तिच्या बाजूने राहिलेल्याचा एक मात्र तसाच उंच राहिला, त्याचं नावच करकोच्यांचा मनोरा. तिथल्या वेलेतास वाड्याच्या पोटात मुस्लिम राजवटीतलं पाण्याचं टाकं आहे, घोड्याच्या नालेच्या आकाराच्या कमानींवर तोललेलं. सोमवारी ते बंद असतं, तेव्हा वार बघूनच दिवस ठरवा.

दिवे लागेपर्यंत थांबा, पिवळसर उजेडात ते दगड फार देखणे दिसतात. फक्त सकाळी निघताना कॅम्पसाइटच्या ऑफिसात फाटक रात्री किती वाजता बंद होतं ते विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी ठरावीक वेळेनंतर गाडी आत घेत नाहीत, मग ती बाहेर लावून बॅटरीच्या उजेडात तंबूपर्यंत चालत जावं लागतं.